पाकीट क्रमांक पाच

तोलाबाईंचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट त्या आपल्या गुणांच्या यादीत धरत. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेली बाई. तागडीखाली चिकटवलेलं मेण, आतून पोखरलेली वजनं, तळ आत ठोकलेली मापं त्यांनी इतक्यांदा पाहिली होती की समोरचा माणूस नुसता हसला तरी त्या हसण्याचा तळ आधी चाचपून बघत. ‘तोलाबाई’ हे नाव दुकानदारांनी ठेवलेलं, पाठीमागे आणि शिवीसारखं. बाईंनी ते पदवीसारखं लावून घेतलं. खुब्याचं हाड मोडून वृद्धनिवासात यावं लागलं, तेव्हा सामानाबरोबर नावही आलं. मुलानेच ते पहिल्या दिवशी हसत हसत सांगून टाकलं आणि संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात पोचलं.

खुबा हे निमित्त. खरं दुखणं कंपवाताचं, नऊ वर्षांचं. त्याचा एकच कायदा होता: गोळी वेळेवर. सकाळी सहा, साडेनऊ, दुपारी एक, साडेचार आणि रात्री आठ. वेळेवर पडली तर बाई स्वतःचे केस विंचरत, ब्लाउजची बटणं लावत आणि भेटेल त्याची हजेरी घेत. अर्धा तास चुकला की पाय फरशीला ठोकल्यासारखे, बोटं लाकडाची, आणि जन्मभर कात्रीसारखी चाललेली जीभ तोंडात ओल्या मातीसारखी पडून राही. अशा वेळी कोणीही येऊन गालाला हात लावी आणि मोठ्या आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं बोले. बाईंना मरणाची भीती नव्हती. या गालाला हात लावण्याची होती.

निवासात गोळ्यांच्या फेऱ्या चार: आठ, एक, चार आणि पुन्हा आठ. डॉक्टरांनी पाच वेळा लिहिलेलं चार वेळांत कसं बसवलं, असं बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. गाडी ढकलणाऱ्या मावशी म्हणाल्या की सगळ्यांचं असंच बसवतात. मग चप्पल लहान पडली की पाय कापता का, असं बाईंनी विचारलं. मावशींनी विचार करून सांगितलं की तसं अजून वरून काही आलेलं नाही.

एक नियम मात्र बाईंना वाचून बरा वाटला. पहिले सहा आठवडे औषध गाडीवरूनच घ्यायचं. नंतर ज्याला हवं त्याने अर्ज करावा, सिस्टर परीक्षा घेतील, आणि पास झालं तर आपली औषधं आपल्या खोलीत कुलपाच्या खणात ठेवून आपल्या हाताने घ्यावीत. बाईंनी त्याच संध्याकाळी अर्ज भरला आणि वर सहा आठवड्यांनंतरची तारीख घातली. तोवर भागवायला जुन्या चष्म्याच्या घरात पाच पट्ट्या होत्या, पन्नास गोळ्या. त्यांची खबर कोणालाच नव्हती. गाडीवरची गोळी त्या मुठीत धरून ठेवत आणि आपल्या वेळेला गिळत. सहाची पट्टीतून काढत. म्हणजे परवानगी मिळण्याआधीच त्यांचा कारभार स्वतंत्र होता.

दुसऱ्याच आठवड्यात बाईंना खोट सापडली.

निवासाची ओसरी लांबलचक, दोन्ही बाजूंना समोरासमोर खोल्या. मावशी प्रत्येक जोडीपाशी गाडी थांबवत आणि दोन्ही हातांत एकेक कागदी कप घेत. उजव्या हातातला उजवीकडच्या खोलीचा, डाव्यातला डावीकडच्या. कपांवर नाव नाही, नंबर नाही. हात हीच चिठ्ठी. सकाळची, एकची आणि रात्रीची फेरी पुढच्या दारापासून सुरू होई, तेव्हा हे ठीक चाले. चारची फेरी मात्र स्वयंपाकघराकडून निघे, कारण मावशींना चहा तिथे मिळे. आता हात तेच, पण खोल्या उलट. म्हणून त्या फेरीला मावशी दर जोडीपाशी हातांची फुली करून कप देत. मध्ये कोणी काही विचारलं की फुली विसरत. आणि विचारणारा माणूस ओसरीत एकच होता, बाईंच्या समोरच्या खोलीतले टेलरमास्तर.

मास्तरांना गप्पांचं वेड. मावशी आल्या की त्यांच्या ब्लाउजच्या बाहीपासून जावयाच्या नोकरीपर्यंत सगळं विचारून घेत. त्या दिवशी चार वाजता बाईंच्या कपात त्यांच्या लांबट पांढऱ्या गोळीऐवजी गोल पांढरी गोळी आली. बाईंनी ती तळहातावर घेऊन उलटीसुलटी केली आणि त्यांना नोकरीत असल्यासारखं वाटलं.

दुसरं कोणी असतं तर तिथेच ओरडलं असतं. पण ओरडणं हे गिऱ्हाइकाचं काम, निरीक्षकाचं नव्हे, असं बाईंचं मत होतं. एक वजन खोटं निघालं तर दुकानदार चूक झाली म्हणतो आणि सुटतो. दहा निघाली तर ती सवय ठरते आणि सवयीला पळवाट नसते. बाईंनी खाकी पाकीट काढलं, गोळी आत टाकली, तोंड चिकटवलं, जोडावर सही केली, तारीख आणि वेळ घातली. कागदावर लिहिलं, ‘गोल पांढरी गोळी, नग एक. कारण: हातांची अदलाबदल.’ मग चष्म्याच्या घरातली आपली गोळी साडेचारला घेतली.

पंचांशिवाय पंचनामा कसला? दोन पंच मिळाले. एक बाजूच्या खोलीतल्या माजी ग्रंथपालबाई, ज्या दर वेळी सही करून झाल्यावर ही सही कोणाची असं विचारत. दुसरे टेलरमास्तर. त्यांनी गोळी बघितली, पाकीट बघितलं, भानगड काय म्हणून विचारलं. पंचाने डोळ्यांसमोरचं तेवढं बघावं, असं बाई म्हणाल्या. मास्तरांनी हसून झोकदार सही ठोकली. आपलीच साखरेची गोळी त्यांना ओळखू आली नाही. ते औषधाकडे कधी बघतच नसत. कापड टाकून गेलेलं गिऱ्हाईक मागे वळून बघत नाही, तसं माझं, असं त्यांचं म्हणणं. डोळे सुईपुरते राखून ठेवलेत.

आणि ते खरं होतं. पंच्याहत्तराव्या वर्षी मास्तर ओसरीभर लोकांची बटणं लावून देत, उसवलेलं शिवून देत आणि रोज संध्याकाळी मागच्या बागेत एकटेच सात फेऱ्या मारत.

चौथ्या आठवड्यात मास्तर पडले. हात धुवायच्या बेसिनपाशी. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. निवासाच्या वहीत ‘घाईने उठल्यामुळे’ असं लिहिलं गेलं. त्यांच्या दारावर लाल पाटी लागली: सोबतीशिवाय चालू नये. सुईदोरा आणि कात्री कपाटात बंद झाली. सोबतीला माणूस कधीच मोकळा नसे, म्हणून मास्तर खुर्चीत बसून राहू लागले. बाईंनी त्यांना धीर दिला. वय झालं की तोल जातो, असं त्या म्हणाल्या.

सहा आठवड्यांत पाकिटं सात झाली. बाईंना दहा हवी होती. पण अर्जाची तारीख आली.

सिस्टर परीक्षेला आली ती बरोबर दहा वाजता, हातात चार पानांचा फॉर्म घेऊन. चाळिशीची, उंच, हसण्याची फारशी सवय नसलेली बाई. साडेनऊची गोळी आत गेलेली असल्यामुळे तोलाबाई पूर्ण फॉर्मात होत्या. लेबल वाचून दाखवा, म्हटल्यावर त्यांनी लेबल तर वाचलंच, वर छपाईतली तारीख तिरपी आहे हेही सांगितलं. पट्टी फोडून दाखवा, म्हटल्यावर फोडली. ही गोळी कशासाठी, या प्रश्नाला उत्तर आलं की तुमच्या सोयीसाठी नाही, एवढं नक्की. सिस्टरने ‘कारण माहीत आहे’ यावर बरोबरची खूण केली.

एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्याल का, असं फॉर्ममध्ये पुढे होतं.

“काल कमी तोललं म्हणून आज जास्त तोलून दिलं, तर दोन्ही दिवसांचं माप खोटंच की हो,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे नाही.”

“म्हणजे नाही. तुमच्या फॉर्ममध्ये तेवढीच जागा असेल तर तेवढंच लिहा.”

कुलपाची किल्ली फिरली. ग्लासातलं पाणी सांडलं नाही. तीन पानं बिनचूक. बाईंना त्या कागदाची कीव आली. हे प्रश्न करणाऱ्याला आपल्या दुखण्यातलं ओ की ठो कळत नसणार. पेन्सिलीने खुणा करून माणसाची लायकी मोजणारी ही मंडळी, आणि मापावर शिक्का कोणाचा, तर गाडीवर चहा ठेवणाऱ्या मावशींचा.

शेवटचा प्रश्न होता: खोलीत इतर कुठे औषध ठेवलं आहे का?

एकतीस वर्षांत बाई कामावर खोटं बोललेल्या नव्हत्या. आणि खरं सांगायचं तर त्या या प्रश्नाचीच वाट बघत होत्या. त्यांनी कपाट उघडलं, घोंगड्यांखालचा डबा काढला आणि सात खाकी पाकिटं टेबलावर पत्त्यांसारखी मांडली. आता ही बाई पांढरीफटक पडेल, असा त्यांचा हिशेब होता.

सिस्टर पांढरी पडली नाही. तिने खुर्ची ओढली, बसली, एकेक पाकीट उजेडात धरून चाचपलं.

“या गोळ्या तुम्ही साठवल्यात,” ती म्हणाली.

“जप्त केल्यात.”

“आमच्याकडे याला साठवणं म्हणतात. माणूस गोळ्या साठवतो तेव्हा आम्ही घरच्यांना फोन करतो. का ते तुम्हाला सांगायला नको.”

बाईंना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा हसू आलं. पुरावा मी गोळा करायचा आणि वेड्यात मलाच काढायचं, याला म्हणतात उलट्या बोंबा, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी हातांची अदलाबदल, उजवी आणि डावी, चारची फेरी, फुली, सगळं मुद्देसूद सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला, कारण सांगणं चोख होतं. सिस्टरने पाकिटांवरच्या नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या, मग पुन्हा पहिल्यापासून.

“त्या सात दिवशी तुम्ही साडेचारला काय घेतलंत?”

“माझी गोळी.”

“कुठून?”

चष्म्याचं घर टेबलावर आलं. शेवटच्या पट्टीत एक गोळी उरली होती.

“बरं. म्हणजे तुम्हाला तुमची मिळाली,” सिस्टर म्हणाली. “मावशींच्या हातातली तुमची गोळी कुठे गेली?”

बाईंनी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं. त्यांच्याच अक्षरात, सात वेळा लिहिलेलं. हातांची अदलाबदल. अदलाबदल म्हटलं की दोन हात आले, दोन कप आले, दोन तोंडं आली. बाईंनी यातलं एकच मोजलं होतं.

सिस्टरने पाचवं पाकीट वेगळं काढलं. त्यावर वेळ होती चार पन्नास; त्या दिवशी गाडी उशिरा आली होती. मग तिने सहावं त्याच्या शेजारी ठेवलं आणि पंचाच्या सहीवर बोट ठेवलं. पाचव्यापर्यंत सही झोकदार होती, सहाव्यावर आणि सातव्यावर पहिलीतल्या मुलाने काढावी तशी.

“हे मास्तर पाचव्या वेळेपर्यंत उजव्या हाताने सही करत होते,” ती म्हणाली. “सव्वापाचला पडले. तुमची गोळी ज्याला लागत नाही त्याने घेतली तर उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. तुम्ही त्यांना पंच केलंत, बाई. गिळून झाल्यावर.”

त्यानंतर ती उठली आणि व्यवस्थापकांना बोलवायला गेली. नियम तसा होता.

व्यवस्थापक हे गृहस्थ अत्तराचा वास आधी पाठवून मागून येत. त्यांनी पाकिटं बघितली, स्वतः कामाला कधी हात न लावणाऱ्या माणसाच्या चपळाईने सगळं ओळखलं आणि सिस्टरला बाहेर पाठवलं. मग तोलाबाईंच्या पलंगाच्या कडेला बसले, परवानगी न विचारता. आपण सगळे एका कुटुंबातलेच, असं त्यांनी सुरू केलं. कुटुंबात भांड्याला भांडं लागतं. मावशी गरीब, सिस्टर कडक, बाई हुशार. फॉर्मवर बाईंचे सगळे गुण पैकीच्या पैकी आहेत आणि त्यावर आपण आत्ता सही करू शकतो. फक्त ही पाकिटं ऑफिसच्या कपाटात जातील. नाहीतर काय होतं, की साठवलेल्या गोळ्यांचा अहवाल करावा लागतो, मुलाला कळवावं लागतं, आणि मग स्वतःची औषधं स्वतः घेण्याचा विषयच कायमचा बंद होतो.

“इथल्या इथे मिटवून टाकू,” ते म्हणाले. “चारपर्यंत सांगा.”

मिटवून टाकू. बाईंनी हे शब्द किती दुकानांच्या मागच्या खोल्यांत ऐकले होते. याच आवाजात, याच वासासकट. दर वेळी त्यांनी उत्तर म्हणून पावतीपुस्तक काढलं होतं आणि दर वेळी त्या रात्री शांत झोपल्या होत्या. आज मात्र त्यांना पहिल्यांदाच त्या दुकानदारांचं म्हणणं समजलं. समोर जे होतं ते काही लाचेसारखं दिसत नव्हतं. सकाळी सहाला चालणारी बोटं, स्वतः लावलेली बटणं, गालापासून दूर राहिलेले हात. एवढंच तर मागायचं होतं.

मुलाचा फोन व्यवस्थापक जाताच आला. चारची वाट कोणीच बघितली नव्हती. आई, गोळ्या कशाला साठवतेस, असं तो तीन वेगवेगळ्या प्रकारे म्हणाला. शेवटी म्हणाला की ते सांगतील तिथे सही करून टाक. बाईंनी त्याला जेवलास का म्हणून विचारलं आणि फोन ठेवला.

मग त्या काठी घेऊन समोरच्या खोलीत गेल्या. पाच पावलांचं अंतर. लाल पाटीखालून आत जायला त्यांना बराच वेळ लागला, आणि त्यात गोळीचा दोष नव्हता.

मास्तर खिडकीकडे तोंड करून बसले होते. गळ्यातल्या पट्टीत मनगट, मांडीवर दोन बटणं तुटलेला कोणाचा तरी स्वेटर नुसताच. बाईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं. गोल गोळी, लांबट गोळी, उजवा हात, डावा हात. पाच नंबरच्या पाकिटापाशी आल्यावर त्यांनी वेळही सांगितली. सवयच तशी.

मास्तरांनी विचारलं, बाईंना हे कधीपासून ठाऊक होतं? दुसऱ्या आठवड्यापासून, असं बाई म्हणाल्या. मग मला का नाही सांगितलंत, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं की आणखी किती पाकिटं व्हायची होती.

“दहा करायची होती,” बाई म्हणाल्या. “सात म्हणजे ते चूक म्हणून सोडून देतील असं वाटलं.”

“म्हणजे अजून तीन वेळा मी गिळायची होती.”

“मी तसा विचार केला नव्हता.”

“कापड उभं फाटत होतं, बाई,” मास्तर म्हणाले, “आणि तुम्ही पट्टी घेऊन किती फाटलं ते मोजत बसलात.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. ओसरीत लोक ज्या गप्पांच्या सुरात त्यांना ओळखत, त्याच सुरात ते बोलले, आणि बाईंना ते जास्त लागलं. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याचं माप बरोबर निघालं होतं आणि त्यांचं कमी.

व्यवस्थापक काय म्हणतात तेही त्यांनी सांगितलं. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. घ्या की सही करून, ते म्हणाले. माझं मनगट पाकिटाने थोडंच जुळणार आहे? तुमचं तरी होऊ दे. दारावर पाटी आहे, ती आहेच. पडणारा म्हातारा म्हणतात, म्हणू देत. बोलून त्यांनी खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवली. मागच्या बागेत कोणीच नव्हतं.

ती पाटी बाईंनी बाहेर पडताना पुन्हा वाचली. सोबतीशिवाय चालू नये. ‘घाईने उठल्यामुळे’ असं वहीत होतं म्हणून ती पाटी होती. वहीतलं खोटं होतं, आणि खोटं आहे हे सिद्ध करणारा कागद एकाच कपाटात होता, बाईंच्या.

चारला पाच मिनिटं कमी असताना तोलाबाई सातही पाकिटं घेऊन सिस्टरच्या टेबलापाशी जाऊन बसल्या. त्यांनी चुकांची वही मागितली. निवासात अशी एक वही होती, जाडजूड, पानांना छापील नंबर असलेली, म्हणून कोणाला पान फाडता येत नसे. बहुधा म्हणूनच तिच्यात फारसं कोणी लिहीत नसे. सिस्टरने ती दिली. रहिवाशांनी लिहायची पद्धत नाही, एवढं ती म्हणाली. लिहू नये असा नियम आहे का, बाईंनी विचारलं. सिस्टरने नियमांची फाइल काढली, पाहिली आणि पेन पुढे केलं.

बाई लिहायला लागल्या. पहिली नोंद, दुसरी नोंद. तारीख, वेळ, आलेली गोळी, गेलेली गोळी. गेलेली गोळी हा रकाना त्यांनी आज नव्याने आखला. मावशी चारची फेरी घेऊन बाहेरून गेल्या; बाई जागेवर नाहीत म्हणून त्यांचा कप गाडीवरच राहिला. साडेचार वाजले. बाईंनी वर बघितलं नाही. अक्षर बारीक होत चाललं होतं. या दुखण्यात गोळी सरली की अक्षर मुंग्यांसारखं आकसत जातं. तिसरी नोंद, चौथी. व्यवस्थापक दारात येऊन उभे राहिले, काय चाललंय असं विचारलं, मग जरा मोठ्याने विचारलं. सिस्टर म्हणाली, नोंद चालू आहे, मध्ये थांबवता येत नाही. हेही कुठल्या नियमात नसावं.

पाचव्या नोंदीला सर्वात जास्त वेळ लागला. तोवर बोटं ताठ झाली होती आणि डाव्या हाताने उजवा ढकलावा लागत होता. शेवटच्या ओळी सिस्टरला भिंग घेऊन वाचाव्या लागल्या: ‘माझी गोळी मास्तरांच्या पोटात गेली. पंचवीस मिनिटांनी ते पडले. ते घाईने उठले नव्हते. अदलाबदल मला ठाऊक होती. मी सांगितली नाही.’

उरलेल्या दोन नोंदी सिस्टरने बाईंना विचारून लिहिल्या. तेव्हा बाईंना हो आणि नाही एवढंच जमत होतं. सही मात्र त्यांनी स्वतः केली. ती सहीसारखी दिसत नव्हती.

गुरुवारी डॉक्टर आले, त्यांनी वही वाचली आणि मास्तरांच्या दारावरची पाटी काढायला सांगितली. कपांवर नावं लागली. मावशींना समज मिळाली, म्हणजे चहा फेरीनंतर प्यायचा असं ठरलं. व्यवस्थापकांनी बाईंच्या अर्जावर लिहिलं: ‘रहिवाशाने गोळ्या साठवल्याचे आढळले. नियमानुसार अमान्य.’ खाली सही, शिक्का. चष्म्याचं घरही रिकामं करून परत मिळालं. पाचाच्या चार वेळा झाल्या आहेत त्या बघा, असं डॉक्टर जाता जाता म्हणाले. बघतो, असं त्यांना सांगण्यात आलं, आणि बघणं चालू आहे.

पुढच्या आठवड्यातल्या एका दुपारी चारची गाडी आलीच नाही. मावशींच्या जावयाकडे काही झालं होतं आणि बदली बाईला गाडी कुठे असते ते सापडत नव्हतं. तोलाबाई ओसरीतल्या बाकावर बसल्या होत्या. आधी पायाची बोटं गेली, मग हाताची, मग मान. तोंड थोडं उघडं राहिलं होतं आणि ते मिटणं त्यांच्या हातात नव्हतं. जाता जाता एक बदली आया थांबली, त्यांच्या गालाला हात लावून मोठ्याने म्हणाली, “काय आजी, ऊन खाताय?” आणि निघून गेली.

मास्तर बागेतून आले. एकटे, गळ्यातली पट्टी सैल सोडून. त्या दिवसानंतर ते बाईंशी बोलले नव्हते. ते बाकासमोर थांबले, वाकले, बाईंच्या चेहऱ्याकडे मापाला आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं.

“पाच वाजत आले, बाई,” ते म्हणाले. “लिहून घेऊ का? पंच म्हणून कोणाला बोलवू?”

बाईंचे डोळे तेवढे हलले.

मास्तर सरळ झाले आणि स्वयंपाकघराकडे चालू लागले, त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या घाईने. कोपऱ्यावर वळायच्या आधीच त्यांचा आवाज सुरू झाला होता. गाडी कुठाय, बाईंचा कप कुठाय, माणूस लाकूड होऊन बसलंय तिकडे आणि तुम्ही याद्या वाचताय, आधी ती गोळी द्या आणि मग काय वाचायचंय ते वाचा. कोणीतरी त्यांना शांत व्हायला सांगत होतं. ते शांत होत नव्हते. भांडं आपटल्याचा आवाज आला, कुलूप उघडल्याचा आला. बाईंना मान वळवून बघता येत नव्हतं, म्हणून त्या ऐकत बसल्या.